नागपुरात गोड्या पाण्यातली मासोळी: निवडण्यापासून रश्श्यापर्यंत

नागपूरच्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात किंवा भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात पहिल्यांदा मासोळी घ्यायला जाणारा माणूस विचारतो, “सगळ्यात चवदार कोणती?” एका नावात याचं उत्तर देता येत नाही. स्वच्छ जलाशयातला दीड किलोचा रोहू गोड लागतो. तोच रोहू मे महिन्यात आटलेल्या, शेवाळलेल्या तळ्यातून आला असेल तर घासाघासाला चिखलाचा वास येतो. चव आधी पाण्यावर ठरते, मग माशाच्या वजनावर, मग तो कसा चिरला आणि धुतला यावर. जातीचा नंबर त्यानंतर लागतो, आणि मसाल्याचा सगळ्यात शेवटी. नवीन माणसाचं लक्ष मात्र बहुतेक वेळा मसाल्यावरच असतं.

आधी काट्यांचा हिशेब करा

नवख्याला चवीआधी काटे अडवतात. म्हणून सुरुवात तिथून करा.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या आणि चंदेऱ्या ही सगळी एकाच कुळातली मासोळी. यांच्यात मधला मणका आणि बरगड्या असतातच, शिवाय पाठीच्या आणि शेपटीकडच्या मांसात सुटे, दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे रुतलेले असतात. ते कशालाही जोडलेले नसल्यामुळे काढून टाकता येत नाहीत, खाताना बोटांनी चाचपूनच वेगळे करावे लागतात. पेटीच्या, म्हणजे पोटाकडच्या तुकड्यात मात्र फक्त मोठ्या बरगड्या असतात आणि त्या ओढल्या की सरळ बाहेर येतात. घरात लहान मुलं किंवा पहिल्यांदा खाणारे असतील तर त्यांच्या ताटात पेटीच वाढा.

मरळ, शिंगाळा, मांगूर, वाम, पंगस आणि तिलापिया यांच्या मांसात असे लपलेले काटे नसतात. मधला काटा बाजूला केला की उरलेलं निर्धास्त खावं. पहिली मासोळी यांच्यातली घ्या. दोन-तीनदा सवय झाली की रोहूकडे वळा.

कोणती कशासाठी

मरळ आमच्या मते पहिल्या क्रमांकाची. मांस पांढरं, घट्ट आणि जवळजवळ बिनचरबीचं, त्यामुळे चिखलाचा वासही कमी धरतं. ती वर येऊन हवेतून श्वास घेते, म्हणून बाजारात टबात जिवंत दिसते. जिवंत मरळीचा भाव मोठा असतो आणि तो द्यायला हरकत नाही, पण मेलेल्या मरळीला जिवंतचा भाव देऊ नका. अर्धा किलो ते एक किलोची उत्तम. तिचा एक दोष आहे: चरबी नसल्यामुळे जास्त शिजली की चामट होते. रश्श्यात सात-आठ मिनिटं पुरतात.

शिंगाळा आणि वाम नदीच्या मालात अधूनमधून सापडतात आणि दिसले की घ्यावेत. शिंगाळ्याचं मांस मऊ आणि गोडसर, खवले नाहीत, रश्श्याला उत्तम. वाम सापासारखी लांब दिसते म्हणून काही जण नाक मुरडतात, पण तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे तळले की कातडीला जी चव येते ती दुसऱ्या कुठल्या मासोळीला नाही. तिच्या पाठीवर बारीक टोकदार काट्यांची रांग असते. ती विकणाऱ्याकडूनच कापून घ्या.

रोहू रोजचा, भरवशाचा. एक ते दोन किलोचा घ्या. 700 ग्रॅमच्या आतल्या रोहूत काटे जास्त आणि मांस कमी, तर तीन किलोच्या वर मांसाचा धागा जाडा होतो. ओळखायला सोपा: पंख लालसर, खवल्यांवर तांबूस झाक, खालचा ओठ झालरीसारखा.

कटल्याचं उलटं आहे. तो मोठाच घ्यावा, तीन किलोच्या आसपासचा, अख्खा नको असेल तर कापून वाट्याने. त्याचं डोकं प्रचंड असतं आणि खालचा जबडा वर वळलेला, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मोठ्या कटल्याच्या पेटीत चरबी उतरते आणि तिच्यामुळे रश्श्याला तेलकट, गोड चव येते. डोकं फेकू नका. दोन फाका करून रश्श्यात टाका, गालाचं मांस सगळ्या माशात मऊ असतं. मात्र किलोभराचा छोटा कटला घेतला तर डोक्याचंच वजन विकत घेतल्यासारखं होतं.

मृगळ तळाशी चरतो. चव गोड, काटे भरपूर, आणि पाणी खराब असेल तर वास सगळ्यात आधी यालाच. सायप्रिनस तर चिखल उकरूनच खातो, म्हणून तो ओळखीच्या तळ्यातला असेल तरच घ्या. गवत्या पाणवनस्पतींवर वाढतो. त्याचं मांस घट्ट आणि चव स्वच्छ असते, तरी त्याला मागणी कमी, ही खेदाची गोष्ट आहे. तळायला तो रोहूच्या तोडीचा आहे. चंदेऱ्या स्वस्त असतो, पण मांस भुसभुशीत, काटे बारीक आणि लवकर नासतो. कधीकधी तो कटला म्हणून समोर येतो, तेव्हा खवले पाहा: कटल्याचे मोठे आणि ठसठशीत, चंदेऱ्याचे अगदी बारीक, आणि डोळा डोक्यावर फार खाली असतो.

पंगस आणि तिलापिया वर्षभर मिळतात, त्यांच्यात लपलेले काटे नसतात आणि लहान मुलांना चालतात. पंगसला स्वतःची चव फारशी नाही, मसाला घालाल ती चव घेतो.

मांगुराबाबत सावध राहा. देशी मांगूर चवीला फार चांगला, पण लहानच असतो, साधारण दोन-तीनशे ग्रॅमचा. टबात किलो-दीड किलोचे काळपट, अंगावर डाग असलेले मांगूर दिसले तर ते थाई मांगूर असण्याची शक्यता मोठी. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, कारण तो स्थानिक मासोळी फस्त करतो आणि बऱ्याचदा घाणीवर वाढवला जातो. तो घेऊ नका. शिंगूर, म्हणजे मांगुरासारखीच दिसणारी मिशांची मासोळी, घेतलात तर कल्ल्यांजवळचे दोन काटे विकणाऱ्याकडूनच कापून घ्या. ते विषारी असतात आणि टोचले तर हात तासन्‌तास ठणकतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते.

पाणी आणि हंगाम

चिखलाचा वास खऱ्या चिखलाचा नसतो. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि तळातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तोही याचाच. मासोळी ते कल्ल्यांतून शोषते आणि ते चरबीत, कातडीत, पेटीत साठतं. माणसाच्या नाकाला ते इतक्या कमी प्रमाणात कळतं की मसाल्याने झाकू म्हटलं तर झाकत नाही. पाणी जितकं उथळ, गरम आणि साचलेलं, तितका वास जास्त.

म्हणून नागपूरसाठी हिशेब असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात अंडी घालून रोडावलेली मासोळी तोवर पुन्हा अंगाने भरते आणि पाणी थंड, खोल असतं. एप्रिल-मेमध्ये तळी तळाला जातात, तेव्हा स्थानिक रोहू-मृगळापेक्षा मरळ घ्या. विदर्भात मृगाच्या दिवशी मासोळी खायची रीत आहे. त्या दिवशी भाव चढतात आणि घाईत कसाही माल विकला जातो, तेव्हा मृग पाळायचा असेल तर सकाळी लवकर जा. जून-जुलैत मादीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली असते. गाबोळी चवदार, पण अंगातली चरबी तिच्यात गेल्यामुळे मांस थोडं फिकं लागतं.

माल कुठला हे विचारायला लाजू नका. बाजारात बराचसा रोहू-कटला आंध्रातून बर्फात येतो. तो वाईट नसतो, पण पकडून दोन-तीन दिवस झालेले असतात. रामटेकच्या खिंडसीसारख्या तलावांतला, किंवा भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतला माल त्याच दिवशीचा असू शकतो. ढिवर समाजाची माणसं तो आणतात आणि कोणत्या तलावाचा हे बरोबर सांगतात. तोतलाडोहची म्हणून कोणी मासोळी देऊ केली तर नको म्हणा. तो जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे मासेमारीला मनाई आहे. शहराचं सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्या-नाल्यांतली मासोळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे पुढे गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं, म्हणून तिथला माल हुंगूनच घ्यावा.

टोपलीपुढे उभं राहिल्यावर

आधी कल्ला उचला. आत लाल किंवा गडद गुलाबी रंग हवा. तपकिरी, राखाडी किंवा चिकट झाला असेल तर पुढे चला. कल्ल्यावर कधी रक्त किंवा रंग लावलेला असतो, म्हणून बोट फिरवून पाहा, लाली बोटाला लागता कामा नये. मग पाठीवर अंगठा दाबा. खळगा लगेच भरला पाहिजे. डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा, मात्र बर्फात थेट ठेवलेल्या माशाचा डोळा ताजेपणीही थोडा पांढुरका होतो, तेव्हा एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नका. शेवटी पोट पाहा. ते मऊ पडलेलं, फुगलेलं किंवा गुदद्वाराजवळ फुटलेलं असेल तर आत सडायला सुरुवात झालेली आहे.

हुंगायची खरी जागा कल्ल्याच्या आत. ताज्या मासोळीला ओल्या गवतासारखा वास येतो. तिथेच मातकट वास जाणवला तर रश्श्यातही तो येणारच.

चौघांसाठी सव्वा ते दीड किलोची अख्खी मासोळी पुरते. एक किलोच्या रोहूतून खवले, कल्ले आणि आतडी गेल्यावर डोक्यासकट साधारण 800 ग्रॅम उरतात, डोकं वगळलं तर 600 च्या आसपास.

चिरून घेताना काय सांगायचं

वजन झाल्यावर पावशीवर (विळीवर) बसलेल्या मावशींना किंवा भाऊंना चार गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. खवले नीट काढा, पोटाखालचे आणि पंखाच्या मुळाशी असलेलेही. कल्ले पूर्ण काढा. पित्त फुटू देऊ नका. तुकडे बोटभर जाड, म्हणजे पावणेदोन-दोन सेंटिमीटरचे करा, पेटी वेगळी. तुम्ही काही बोलला नाहीत तर गर्दीत पातळ तुकडे पडतात आणि तेच रश्श्यात फुटतात.

पित्ताची गोष्ट गंभीर आहे. यकृताला चिकटलेली हिरवी पिशवी फुटली तर मांस कडू होतं. फुटलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, मीठ चोळा आणि हिरवा डाग पडलेला भाग कापून टाका. औषध म्हणून माशाचं पित्त गिळणारे लोक अजून आहेत. रोहू, गवत्या यांच्या पित्तात असं विष असतं की ते घेतल्यावर मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि शिजवल्यानेही ते विष जात नाही. पित्त कोणत्याही कारणाने पोटात जाऊ देऊ नका.

उन्हाळ्यात घरी नेताना पिशवीत मासोळीच्या निम्म्या वजनाइतका बर्फ मागून घ्या. 45 अंशांच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत अर्धा तास राहिलेला ताजा रोहूही शिळ्यासारखा होतो.

घरी धुणं, आणि वास काढणं

इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. बाजारात साफ करून मिळालेली मासोळी साफ झालेली नसते.

पोटाच्या आतल्या बाजूला काळं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर असतं. ते चमच्याच्या कडेने खरवडून काढा. मणक्याच्या खाली गडद रक्ताची रेघ असते. ती नखाने किंवा जुन्या दातघासणीने घासून धुवा. कडवटपणा आणि उग्र वास मुख्यतः या दोन ठिकाणी असतो. डोकं घेतलं असेल तर घशातले दात आणि त्यांच्याभोवतीचा गाळ काढा. रोहू-कटल्याचे दात तोंडात नसून घशात असतात आणि तिथेच चिखल अडकून बसतो.

मरळ आणि मांगूर यांच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. जाडं मीठ किंवा चुलीची राख लावून खसाखसा घासा, धुवा, पुन्हा घासा. हाताला कातडी खरखरीत लागेपर्यंत.

मग किलोभर तुकड्यांना दोन चहाचे चमचे मीठ, एक चमचा हळद आणि एका मोठ्या लिंबाचा रस लावून 20 मिनिटं ठेवा. आंबटामुळे तो मातकट वास उतरतो. पण अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका. आम्लामुळे मांसाचा बाहेरचा थर पांढरा पडून भुसभुशीत होतो आणि तळताना सुटतो. सुटलेलं पाणी फेकून द्या, वास त्या पाण्यातही उतरलेला असतो. तुकडे एकदा हलकेच धुवा आणि फडक्याने टिपून कोरडे करा. वास जास्तच असेल तर कातडी काढा आणि दोन्ही बाजूंना मधोमध कातडीखाली असलेली लालसर मांसाची पट्टी कापून टाका. ती गेली की बराच फरक पडतो. यानंतरही वास राहिला तर त्या मासोळीचं पाणीच वाईट होतं असं समजा.

तळणं

तवा जाड, लोखंडी. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल तव्यावर पातळ थर भरेल इतकं, साधारण पाच-सहा चमचे. तुकड्यांना तिखट, हळद, मीठ, वाटलेला लसूण चोळा आणि वरून तांदळाचं पीठ नुसतं भुरभुरवा. बेसन घातलं तर भजं होतं, मासोळीची चव आत कोंडते.

तेल तापल्याशिवाय तुकडा टाकू नका. चिमूटभर पीठ टाकून पाहा, ते लगेच तडतडलं पाहिजे. तुकडा टाकल्यावर चार मिनिटं त्याला हात लावू नका. कड सोनेरी झाली की तो आपोआप तवा सोडतो. तवा सोडत नसेल तर तेल थंड होतं, किंवा तुकडा ओला होता, किंवा तुम्ही घाई केली, यातलं एक कारण असतंच. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून करपतो आणि मणक्याजवळ गुलाबी राहतो. गोड्या पाण्यातली मासोळी अर्धीकच्ची कधीही खाऊ नये, तिच्यात परजीवी असू शकतात. मणक्यापासून मांस सहज सुटलं आणि आत पांढरं दिसलं की झालं.

मृगळ किंवा छोटा रोहू तळायचा असेल तर एक युक्ती. दोन्ही बाजूंना कातडीपासून मणक्यापर्यंत तीन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्या आणि भरपूर तेलात कुरकुरीत तळा. आतले बारीक काटे तुकडे-तुकडे होतात, तेलात कडक होतात आणि चावून खाता येतात.

रस्सा

किलोभर मासोळीला हे प्रमाण: तीन मध्यम कांदे, 50 ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा खसखस, एक मोठा चमचा जवस, 15 पाकळ्या लसूण, इंचभर आलं, दोन मोठे चमचे धने, एक चमचा जिरं, आठ मिरे, चार लवंगा, इंचभर दालचिनी, थोडं दगडफूल, दोन तेजपानं, दोन ते तीन मोठे चमचे तिखट, लिंबाएवढी चिंच, अर्धी वाटी तेल.

जवस आणि खसखस वेगवेगळी कोरडी भाजा. जवस तडतडू लागला की लगेच उतरवा, करपला तर सगळा रस्सा कडू होतो. खोबरं आणि कांदा तांबूस भाजून, तेजपानं आणि तिखट सोडून बाकी मसाल्यासह थोड्या पाण्यात मऊ वाटा. गंजात (पातेल्यात) तेल तापवा, तेजपानं टाका, वाटण घाला आणि मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं परता. तेल कडेने सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीन माणसाचा रस्सा कच्चट लागतो तो इथेच. मग तिखट, हळद घालून अर्धा मिनिट परता आणि लिटरभर गरम पाणी ओता. थंड पाण्याने तर्री मरते. चिंचेचा कोळ आणि मीठ घालून दहा मिनिटं उकळू द्या.

तुकडे आधी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं तेलावर हलके शेकून घेतले असतील तर रश्श्यात फुटत नाहीत. मरळ आणि शिंगाळा तसेच टाकले तरी चालतात. उकळत्या रश्श्यात आधी डोकं सोडा, पाच मिनिटांनी तुकडे. मग आच कमी करा आणि आठ-दहा मिनिटं ठेवा, मरळ असेल तर सात-आठच. चमचा, पळी आत घालू नका, गंज कान धरून हलवा. झाकण अर्धवट ठेवा. आच बंद केल्यावर 20 मिनिटं तसाच राहू द्या. मासोळीत मीठ-आंबट याच वेळात मुरतं. वरून सांबार (कोथिंबीर) चिरून घाला आणि गरम भातासोबत वाढा.

बारीक मासोळी आणि झिंगे

तळ्यातली बोटभर लांबीची मिसळ मासोळी स्वस्त मिळते आणि अनेक जाणकार ती रोहूच्या वर मानतात. पोट दाबून आतडी काढा, मीठ लावून तीनदा चोळून धुवा, आणि तिखट-हळद लावून कडक तळा. काट्यासकट खायची.

झिंग्यांचं आंबाडीशी जमतं. पावशेर झिंग्यांचे पाय-मिशा आणि पाठीतली काळी शीर काढून तेलावर लसणासोबत पाच मिनिटं परता. आंबाडीची एक जुडी वेगळी उकडून तिचं पाणी फेका, नाहीतर आंबटपणा टोकाचा होतो. मग दोन्ही एकत्र करून हिरवी मिरची घालून घोटा. भाकर हवी.

काटा घशात रुतला तर कोरड्या भाताचे गोळे गिळू नका, काटा आणखी खोल जातो. हलकेच खोकून पाहा, पाणी प्या. गिळताना दुखणं राहिलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

उरलेला रस्सा थंड झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, पण गरम करताना आधी तुकडे अलगद बाहेर काढून ठेवा, नुसता रस्सा खळखळ उकळा आणि मग तुकडे दोन-तीन मिनिटांसाठी परत सोडा, म्हणजे ते फुटत नाहीत आणि आतपर्यंत गरम होतात.